वाट पाहण्याचा धडा

माघ सरत आला कीं आमच्या भंडाऱ्याकडे शिशिराचा जोर ओसरूं लागतो. पहांटे वैनगंगेवर धुकें असतें, पांघरूण दूर सारण्यास जीव नको म्हणतो. परंतु दहा वाजले कीं ऊन पाठीला लागूं लागतें. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत लाखोरी आणि जवस डोलत असतात, आणि कोका येथील अरण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळसाच्या काळसर कळ्या फुगलेल्या दिसतात. येथें वसंताची वाट पाहावी लागत नाहीं. तो आपल्या पायांनीं दाराशीं येऊन उभा राहतो. यामुळेंच कीं काय, ३५ वर्षें मुलांना शिकवूनहि, वाट पाहणें म्हणजे काय हें मला साठी उलटेपर्यंत उमगलें नव्हतें. तो धडा मी परदेशीं, बर्फांत शिकलों. आणि शिकविणारी मंडळी घरचीच होती.

आमची कन्या व जावईबापू कॅनडांतील टोरोंटो शहरीं असतात. २०२४ च्या नोव्हेंबरांत, कन्येच्या पहिल्या बाळंतपणासाठीं, आम्ही उभयतां तेथें गेलों. डिसेंबरांत नात झाली. भंडारा २१ अक्षांशावर, तर टोरोंटो जवळजवळ ४४ अक्षांशावर. हा फरक मीं फळ्यावर किती वेळां तरी काढून दाखविला असेल. पण त्याचा अर्थ तेथें कळला. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस पावणेअकरा तासांहून थोडा मोठा असतो. तेथें तो नऊ तासांचाहि भरत नाहीं. दुपारचा चहा होतो न होतो तोंच दिवे लावावे लागतात.

घराबाहेर पडावयाचें म्हणजे एक संस्कारच. कपड्यांवर कपडे, त्यांवर जाड कोट, हातमोजे, टोपी, बूट. एवढें चढवीपर्यंत बाहेर जाण्याचा उत्साह संपतो. सकाळीं जावईबापू फावडें घेऊन दारापुढचें बर्फ ओढीत आणि मी मागून मीठ टाकीत जाई. घरांत सौभाग्यवतींचें राज्य होतें. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीची भाजी, यांत कांहीं उणें नव्हतें. एके दिवशीं तिनें नातीसाठीं ओवा-बाळंतशेपांची धुरी केली, तों छताला लावलेलें धुराचा इशारा देणारें यंत्र असें केकाटलें कीं बाळ, बाळंतीण आणि आजी तिघीहि दचकल्या. तान्ह्या बाळाच्या छातीला धूर वाईट, हें मग तेथील परिचारिकेनें समजावून सांगितलें, आणि धुरी बंद झाली. तेल लावून कोवळ्या उन्हांत निजविणें तर अशक्यच. अंगावर पिणाऱ्या मुलांना तेथें ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब रोज देतात. तेंच त्यांचें कोवळें ऊन.

जानेवारी उजाडला आणि कन्या हळूहळू मिटत चालली. ताट तसेंच राही. बाळ रडूं लागलें कीं तीहि रडे. बाळ निजलें तरी तिचा डोळा लागत नसे. खिडकीशीं बसून ती पांढऱ्या रस्त्याकडे पाहत राही. मी हाडाचा शिक्षक. मौन मला सोसत नाहीं. एके दिवशीं तिला म्हणालों, “पोरी, कालिदासाचा ऋतुसंहार ग्रीष्मानें आरंभतो आणि वसंतानें संपतो. शिशिराचा शेजारी वसंतच आहे. धीर धर.”

ती शांतपणें म्हणाली, “बाबा, तुमच्या काव्यांत शिशिराला एकच सर्ग आहे. माझें तर पानच उलटत नाहीं.”

येथें तरी मीं गप्प बसावयास हवें होतें. तें न करतां मी बोलून गेलों, “आमच्या आईनें पांच बाळंतपणें काढलीं, तींहि अंधाऱ्या खोलींत. तिनें कधीं असें तोंड पाडलें नाहीं.” कन्या उठली, आणि आंत जाऊन तिनें दार लावून घेतलें.

त्या रात्रीं सौभाग्यवती मला एवढेंच म्हणाली, “अहो, सासूबाईंना तें कधीं कोणीं विचारलें होतें का?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें जावईबापूंना सांगून डॉक्टरांची वेळ घेवविली. तेथें कन्येपुढें १० प्रश्नांचा एक कागद ठेवण्यांत आला. एडिंबरो शहराच्या नांवानें ओळखली जाणारी ही प्रश्नावली १९८७ सालीं प्रसिद्ध झाली, व ती आतां पुष्कळ देशांत वापरतात. गेल्या ७ दिवसांत हसूं आलें का, उगाच भीति वाटली का, मनाच्या दुःखानें झोप उडाली का, स्वतःस इजा करावी असें मनांत आलें का, असे साधे प्रश्न. जन्मभर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मला त्यांतला एकहि प्रश्न सुचला नव्हता. डॉक्टरांनीं सांगितलें कीं हा आळस नव्हे आणि स्वभावदोषहि नव्हे; दहांत एकीहून अधिक मातांना बाळंतपणानंतर ही उदासी गांठते, व उपचारानें ती बरी होते. अपुरी झोप, एकटेपण आणि अंधारे दिवस यांनीं मात्र ती बळावते. औषध सुरू झालें. आठवड्यास एकदां समुपदेशिकेशीं बोलणें ठरलें.

घरांत कामांची फेरवांटणी झाली. रात्रीं बाळाला सौभाग्यवती व जावईबापू आळीपाळीनें घेऊं लागले, म्हणजे कन्येला सलग चार-पांच तास झोप मिळे. दुपारीं तिला फिरवून आणण्याचें काम माझ्याकडे आलें. “बोलूं नका, नुसते बरोबर चाला,” अशी मला सक्त ताकीद होती.

अशा रीतीनें आम्ही वाट पाहूं लागलों. २०२५ सालीं वसंतपंचमी २ फेब्रुवारीस आली. नेमक्या त्याच तारखेस उत्तर अमेरिकेंतील लोक ग्राउंडहॉग नांवाच्या, खारीच्या कुळांतील एका लठ्ठ प्राण्याकडे डोळे लावून बसतात. बिळाबाहेर येतांना त्याला आपली सावली दिसली तर हिंवाळा आणखी ६ आठवडे, न दिसली तर वसंत लवकर, अशी समजूत. आम्हीं घरीं केशरी भात केला. आणि त्याच महिन्याच्या मध्यास लागोपाठ दोन हिमवादळें येऊन पायऱ्या दिसेनाशा झाल्या. ९ मार्चला घड्याळें १ तास पुढें केलीं; संध्याकाळ लांबली. याच सुमारास तिकडे मेपल वृक्षांना भोक पाडून रस काढतात. रात्रीं गोठावें आणि दिवसा वितळावें, असें हवामान असेल तरच तो वाहतो. आणि सुमारें ४० लिटर रस आटवावा तेव्हां १ लिटर पाक हातीं येतो. मार्चअखेर पाडवा आला तों प्रांताच्या बऱ्याच भागांत पडतां पडतां गोठणारा पाऊस सुरू होता. गुढी खिडकीच्या आंतच उभारली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत एके दुपारीं आम्ही नेहमीप्रमाणें मुकाट्यानें चाललों होतों. कन्या एकाएकीं थांबली. “बाबा, ऐका.” मला कांहींच ऐकूं येईना. “पाणी,” ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला उरलेल्या मळक्या बर्फाच्या ढिगाखालून एक बारीक धार गटाराकडे वाहत होती. तीन महिन्यांत ती माझ्याशीं आपण होऊन बोलली ती त्या दिवशीं. उत्तरादाखल मीं एकहि सुभाषित म्हटलें नाहीं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

एका धारेनें हिंवाळा संपत नाहीं. उपचार पुढें कित्येक महिने चालले. परंतु मे महिन्याच्या आरंभीं, आम्ही परतण्यापूर्वीं, हाय पार्क नांवाच्या उद्यानांत चेरीचा बहर पाहण्यास सगळे गेलों. टोकियोच्या नागरिकांनीं १९५९ सालीं भेट दिलेल्या झाडांपासून तेथील बहराची परंपरा सुरू झाली. इतक्या शोभेकडे पाहून नातीनें मोठी जांभई दिली, आणि कन्या मोकळी हसली.

कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत मदनाच्या साह्यासाठीं हिमालयावर अकालीं वसंत अवतरतो, आणि त्या प्रसंगाचा शेवट मदनाच्या दहनांत होतो. तो सर्ग मीं अनेकदां शिकविला; परंतु बर्फांत बसलेल्या मुलीपुढें उपदेशाचा अकालवसंत आणूं पाहणारा मीच होतों, हें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें.

आपल्या घरोघरीं लेकी बाळंतपणाला येतात. दूध पुरतें का, लाडू खाल्ला का, बाळाचें वजन किती, हें आपण रोज विचारतों. “तुझें मन कसें आहे?” हा एक प्रश्न त्यांत घालावा, आणि उत्तर मिळेपर्यंत जवळ बसावें, एवढेंच माझें सांगणें. उत्तर काळजीचें असेल तर डॉक्टरांकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनिसेवाहि १४४१६ या क्रमांकावर आहे, व तेथें मराठींत बोलतां येतें.

लौकरच आमच्याकडे मोह फुलेल. मोहाचें फूल वेचणारे फांदीशीं झोंबत नाहींत. झाडाखालची जागा ते आधीं झाडून स्वच्छ करितात, आणि पहांटे टोपली घेऊन येतात. फूल आपल्या वेळीं आपोआप खालीं येतें.