स्मरणवही की साक्षीदार?

खिशातला मोबाइल चालू ठेवून डॉक्टरांचे, बँकेतल्या साहेबांचे, घरातल्या माणसांचे बोलणे मुद्रित करायचे आणि पुढे आठवेनासे झाले की ऐकायचे, ही सवय आता सर्वत्र वाढत आहे. ती मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. सीमाभागातील मराठी माणसाला तर तिची गरज इतरांहून अधिक. आपले गाऱ्हाणे राज्यात वा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. परंतु खिडकीपलीकडचा कारकून भराभर कन्नडमध्ये जे सांगतो, ते सत्तरीच्या आजोबांच्या घरी पोहोचेपर्यंत लक्षात राहावे, अशी तरतूद कोणत्याही अनुच्छेदात नाही. कोणता उतारा आणायचा, कोणत्या तारखेस यायचे, हे मुद्रण ऐकून नातवाने मराठीत समजावले, तर त्यात कोणाचेच नुकसान नाही.

बोलणे जपून ठेवण्याची ओढ मराठीला नवी नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ हे पुष्कळ अंशी संभाषणांचेच संकलन आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींचा सहवास लाभलेल्यांकडे जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या. एकाच प्रसंगाच्या आठवणी जुळल्या नाहीत, तेथे पाठभेदही नोंदले गेले. यातली एक गोष्ट आजच्या चर्चेत महत्त्वाची आहे. आठवण सांगणाऱ्याला, आपण ती कोणाला व कशासाठी सांगत आहोत, हे ठाऊक होते.

खिशातल्या यंत्रापुढे बोलणाऱ्याला मात्र हे ठाऊक नसते. येथेच स्मरण आणि साक्ष यांतला भेद पुसला जातो. कायद्याने तो भेद पूर्वीपासून मानला आहे. घटनेच्या वेळी वा लगोलग स्वतः केलेले टिपण पाहून साक्षीदाराने आपली स्मृती ताजी करावी, अशी मुभा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५९ मध्ये होती. भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम १६२ मध्ये आहे. तेथे बोलतो तो माणूस, टिपण त्याला केवळ आधार देते. ध्वनिमुद्रणाचे तसे नाही. ते स्वतःच पुरावा होऊ शकते. मुंबईतील लाचप्रकरणाच्या ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुद्रित संभाषण ग्राह्य धरले. संभाषण विषयाशी संबद्ध हवे, आवाजाची ओळख पटायला हवी आणि मुद्रणात फेरफार झालेला नसावा, अशा त्याच्या कसोट्या आहेत. जुलै २०२५ मध्ये तर पती-पत्नीने परस्परांच्या नकळत केलेले मुद्रणही वैवाहिक खटल्यात ग्राह्य धरता येईल, असे त्याच न्यायालयाने ठरविले.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, न्यायालय ऐकते म्हणजे चोरून मुद्रण करणे रास्त. आम्हाला तो अर्थ मान्य नाही. ग्राह्यता हा पुराव्याचा प्रश्न आहे, सभ्यतेचा नव्हे. व्यक्तिगत विदेच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेला कायदाही माणसाने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे घरातल्या मुद्रणाची मर्यादा पुष्कळशी आपल्याच हाती आहे. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. तो शेजाऱ्याला, सुनेला आणि कारकुनालाही आहे.

भाषेच्या बाजूनेही याकडे पाहिले पाहिजे. ‘काय करालास?’ असे सहज विचारणारा आमच्या भागातला माणूस यंत्र समोर दिसताच ‘काय करतो आहेस?’ म्हणू लागतो. निरीक्षणामुळे बोली बदलते, या अडचणीला विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञाने निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे. म्हणून चोरूनच मुद्रण करावे काय? मुळीच नाही. एकदा का प्रत्येक खिशात कान आहे असे वाटू लागले, की माणसे यंत्र दिसत नसतानाही जपून बोलतील. शाळेत आणि कचेरीत मागे पडलेली आमची बोली घरात निर्धास्त आहे. तिथला विश्वास गेला, तर तिला उरलेला शेवटचा आसराही जाईल.

तेव्हा आमचे म्हणणे असे. स्मरणासाठी मुद्रण करावयाचे तर आधी सांगावे: “विसरायला होते, मुद्रित करून घेऊ का?” नकार मिळाला तर कागदावर दोन ओळी टिपाव्यात, आणि त्या वाचून ‘हे बरोबर ना?’ असे विचारावे. मुद्रणातली तारीख, औषध, रक्कम वहीत उतरली की मुद्रण पुसावे. दुसऱ्या कोणाला पाठवू नये. आजीच्या ओव्या, आजोबांच्या आठवणी मुळीच पुसू नयेत, पण त्या त्यांच्या संमतीने आणि नावानिशी वेगळ्या जपाव्यात. कोणी लाच मागत असेल, धमकावत असेल, तर गोष्ट निराळी. ते स्मरण नव्हे, पुरावा गोळा करणे होय. तेथे मूळ मुद्रण त्याच यंत्रात अबाधित ठेवून तत्काळ वकिलाकडे जावे, कारण साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

आपल्या हक्कासाठी आपण दशकानुदशके कागद जपले. दाखले, उतारे, निवेदनांच्या पोचपावत्या ही आपली शस्त्रे आहेत आणि ती जपलीच पाहिजेत. परंतु सरकारदरबारी लागणारी ती दक्षता घरच्या ओसरीवर आणू नये. तेथे विसरलेली गोष्ट पुन्हा विचारता येते, आणि त्या विचारण्यातूनच आपली भाषा बोलती राहते.