संतोष की नुसतेच थांबणे?



परवा मंदिरातून परतताना एक ताई म्हणाल्या, "तुझं बरं आहे बाई. घराजवळची शाळा, ठरलेला पगार. आणखी काय हवं?" मी हसून "हो" म्हटलं, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं.

प्राथमिक शिक्षिका म्हणून मला 23 वर्षे झाली. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली, पण काम तेच राहिलं. मुख्याध्यापकपदाची बढती दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी नकार लिहून दिला. शाळा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती. चंदगडचा पाऊस, एस.टी.चा भरवसा नाही, आणि आपल्या घरी सूर्यास्ताआधी जेवणं व्हायला हवीत. ते जेवण मीच करायचं, असं कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते.

विचारणाऱ्यांना मात्र मी सांगायची, "आपल्याला कशाला पदाचा मोह?" आज कबूल करते, तो अपरिग्रह नव्हता, भीती होती. अपरिग्रह आसक्ती सोडायला सांगतो, जबाबदारी टाळायला नाही. अंगी क्षमता असून टाळाटाळ करणे याला आपल्याकडे प्रमाद म्हणतात. आणि तोच मोह घरातल्या पुरुषाच्या बढतीच्या वेळी कुणाला कसा आठवत नाही? तेव्हा तर आपण पेढे वाटतो.

भगवान आदिनाथांनी ब्राह्मीला अक्षरविद्या आणि सुंदरीला अंकविद्या दिली, ही कथा आपण मुलींना कौतुकाने सांगतो. शेठ माणिकचंद झवेरींची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम उभा करून इतर स्त्रियांना शिकवलं. त्या काळातल्या विधवेला कोपऱ्यात बसून राहायला कुणीच नावं ठेवली नसती. तरी ती बसली नाही.

जिला आहे त्या कामात खरंच समाधान आहे, तिने बढती घेतलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण नकारावर सही करण्याआधी दोन गोष्टी करा. नकाराचा पुढे पगारावर काय परिणाम होतो, ते कार्यालयात नीट विचारून घ्या. आणि घरच्यांना अडचण मोकळेपणाने सांगा. मी सांगितली तेव्हा यजमान एवढंच म्हणाले, "आमटी-भात मला येतो. तू कधी विचारलंच नाहीस." सासूबाई म्हणाल्या, भाजी मी चिरून ठेवीन. मला 23 वर्षे अडवणारा प्रश्न एका संध्याकाळी सुटला.

पुन्हा यादीत नाव येईल का, माहीत नाही. आलं तर या वेळी होकारावर सही करणार आहे. सूर्यास्ताआधीचं जेवण आमच्या घरी तसंच होईल, फक्त वाढणारे हात वेगळे असतील.