काडी मोडली, म्हणून पट्ट्यावरचं नाव खोडायचं?



खालापूरकडच्या एका वाडीवर वनहक्क समितीची बैठक होती. एक गडी उठून म्हणाला, "बायको माहेरी गेली, काडीमोड झाली. पट्ट्यावरचं तिचं नाव खोडा." दोघातिघांनी माना डोलावल्या. बाया मागं बसलेल्या, गप.

मला हे पटत नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(४) मध्ये सरळ लिहिलंय, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. काडीमोड झाली की नाव काढा, असं त्यात कुठंही नाही. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जागा कसली कुणी? राब भाजला, नाचणी लावली, रानडुकरं राखली, ती दोघांनी. दळीच्या जुन्या कागदांवर बहुतेक पुरुषांचीच नावं. तीच चूक नव्या कागदावर कशाला?

गड्यांना भीती एकच, ती दुसरा नवरा करील अन् तो प्लॉटात घुसेल. अहो, पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याला देताही येत नाही. नुसतं लग्न लागलं म्हणून नव्या नवऱ्याच्या नावावर तो होत नाही. तिच्या पोरांना मिळतं, ती तुमचीच पोरं ना?

आपली रीत वाईट नाही. हिंदू विवाह कायदा आदिवासींना लागू नाही, म्हणून रीतीनं झालेली काडीमोड चालते. पण कोर्टात रीत सिद्ध करावी लागते, तेव्हा पंचांनी कागद करावा, सह्या-अंगठे घ्यावेत. पंच लग्नाच्या खर्चाचं तेवढं मिटवतात अन् उठतात. पोरं कुणाकडं, यंदाचं पीक कसं वाटायचं, भट्टीचा बयाणा कुणाच्या डोक्यावर, हे कोण बोलणार? बयाणा घेतला जोडप्यानं, नवरा गेला निघून, अन् शेठ उभा बाईच्या दारात. बयाण्यापोटी जबरीनं राबवणं ही वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं ती बंद झालीय, हे त्याला तोंडावर सांगा.

नवरा पोसत नसेल तर बाईला आणि पोरांना पोटगी मागता येते, जात-धर्म कुठलाही असो. वकिलाच्या पैशाला घाबरू नका. बाईला आणि आदिवासीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कर्जतच्या कोर्टात विधी सेवा समितीचं विचारा.

त्या गड्याचा विषय पुढच्या बैठकीत परत येणार आहे. बायांनो, त्या दिवशी पुढं बसा.