केआरएस-वन : चुकीचे आक्षेप आणि खरा आक्षेप

केआरएस-वन हा न्यूयॉर्कचा रॅपर गेली जवळजवळ चाळीस वर्षे स्वतःला ‘टीचर’ म्हणवून घेत आला आहे. त्याच्यावरचे बहुतेक आक्षेप या एका बिरुदाभोवतीच घोटाळतात. शांततेचे धडे देणारा हा मास्तर पहिल्याच अल्बमच्या मुखपृष्ठावर शस्त्रे घेऊन उभा राहतो. इतिहास शिकवायला निघतो आणि चुकीचा इतिहास सांगतो. पैशाच्या मोहावर गाणी रचतो आणि बुटांच्या जाहिरातीत दिसतो. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ असा या टीकेचा एकंदर सूर असतो. तपासून पाहिल्यास हे आक्षेप फारसे टिकत नाहीत. जो टिकतो तो वेगळाच आहे, आणि तो घेणारे टीकाकार थोडे आहेत.

त्याचे खरे नाव लॉरेन्स पार्कर, जन्म २० ऑगस्ट १९६५ चा. किशोरवयातच घर सोडून तो रस्त्यावर आणि बेघरांच्या निवाऱ्यांत राहिला. शिक्षण म्हणावे तर सार्वजनिक ग्रंथालयांत बसून केलेले वाचन. हरे कृष्ण पंथाचे त्याला आकर्षण होते, म्हणून निवाऱ्यातले लोक त्याला ‘कृष्ण’ म्हणू लागले आणि त्याचेच पुढे ‘क्रिस’ झाले. भिंतींवर रंगाने नाव काढताना त्याने ‘केआरएस-वन’ ही सही घेतली आणि ज्ञानाच्या श्रेष्ठत्वाची घोषणा करणारे एक वाक्य त्या अक्षरांत बसवले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या फ्रँकलिन निवाऱ्यात स्कॉट स्टर्लिंग हा समुपदेशक नोकरीला होता. तोच सुटीच्या दिवशी ‘स्कॉट ला रॉक’ या नावाने तबकड्या वाजवी. सरकारी निवाऱ्यातला आश्रित आणि तिथला कर्मचारी अशा या जोडीतून ‘बूगी डाउन प्रॉडक्शन्स’ उभे राहिले.

त्यांचा पहिला गाजावाजा झाला तो भांडणाने. क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या एमसी शान या रॅपरच्या गाण्यातून हिप-हॉपचे उगमस्थान आपल्याकडे ओढल्याचा अर्थ निघतो, असे मानून या दोघांनी ‘साउथ ब्राँक्स’ आणि ‘द ब्रिज इज ओव्हर’ ही उत्तरे रचली. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या श्रोत्याला या प्रकाराची ओळख करून द्यायला नको. आपण तसा दावा केलाच नव्हता, असे शान नंतर सांगत राहिला. पण वादात जिंकण्यासाठी प्रतिपक्षाचे म्हणणे थोडे फुगवावे लागते, आणि केआरएस-वन त्यात तरबेज होता.

पहिला आक्षेप १९८७ च्या ‘क्रिमिनल माइंडेड’ या अल्बमवरचा. मुखपृष्ठावर दोघेही शस्त्रसज्ज आहेत, आणि ‘नाइन एमएम गोज बँग’ या गाण्यात निवेदक अमली पदार्थ विकणाऱ्याला गोळी घालतो. अल्बम बाजारात येऊन काही महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट १९८७ मध्ये, ब्राँक्समध्ये स्कॉट ला रॉकचा गोळी लागून मृत्यू झाला. गटातल्या डी-नाइस या पोरसवदा सहकाऱ्याशी कुणाचे तरी वाजले होते. ते मिटवायला स्कॉट गेला होता. पकडलेले दोघे खटल्यातून निर्दोष सुटले. टीकाकारांची मांडणी सोपी आहे: पेरले तेच उगवले, आणि मित्र गेल्यावर या माणसाने शांततेचा अंगरखा चढवला.

ही मांडणी पुढच्याच अल्बमपाशी कोसळते. १९८८ च्या ‘बाय ऑल मीन्स नेसेसरी’च्या मुखपृष्ठावरही बंदूक आहेच. पडदा सारून खिडकीतून बाहेर पाहणारा केआरएस-वन आणि त्याच्या हातातले हत्यार ही माल्कम एक्सच्या १९६४ मधल्या प्रसिद्ध छायाचित्राची उघड नक्कल आहे. जिवाला धोका असताना घराची राखण करणारा माणूस, असा त्या मूळ छायाचित्राचा अर्थ. याच अल्बममध्ये हिंसा थांबवा म्हणणारे ‘स्टॉप द व्हायलन्स’ आहे, पोलीस आणि अमली पदार्थांचा धंदा यांचे साटेलोटे सांगणारे ‘इल्लीगल बिझनेस’ आहे आणि निरोधचा पुरस्कार करणारे ‘जिमी’ही आहे. म्हणजे बंदूक गेली नाही, तिचे तोंड बदलले. केआरएस-वनने अहिंसेचे व्रत कधी घेतलेलेच नव्हते. त्याचा विरोध एकाच वस्तीतल्या पोरांनी एकमेकांचे मुडदे पाडण्याला होता, आणि स्वसंरक्षणाला त्यात जागा होती. ही भूमिका कुणाला पटो न पटो, पण तिला दुटप्पी म्हणता येत नाही. न घेतलेले व्रत मोडल्याचा दोष कुणाला लावता येत नाही.

याच आक्षेपाचे थोरले भावंड म्हणजे रॅपमुळेच हिंसा वाढते हा दावा. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये दोन हजारांहून अधिक खून झाले, आणि दशक संपताना हा आकडा सातशेच्या आत आला. याच दशकात रॅप संगीत अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले आणि त्यातली भाषा मवाळ झाली असे कुणी म्हणणार नाही. एवढ्यावरून रॅपने खून कमी केले असे सिद्ध होत नाही, पण गाणे वाढले की खून वाढतात हे समीकरण मात्र निकालात निघते.

१९८८ मध्ये एका हिप-हॉप कार्यक्रमात एका तरुण चाहत्याचा खून झाला आणि वर्तमानपत्रांनी रॅपला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यावर केआरएस-वनने लेखक नेल्सन जॉर्ज आणि इतरांच्या साथीने ‘स्टॉप द व्हायलन्स’ ही चळवळ सुरू केली. १९८९ च्या सुरुवातीला निघालेल्या ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ या गाण्यात चक डी, एमसी लाइट, कूल मो डी, हेवी डी, डग ई. फ्रेश अशी एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारी मंडळी एकेक कडवे घेऊन आली. गाण्याचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेला गेले. बिलबोर्डने रॅप गाण्यांची वेगळी यादी सुरू केली तेव्हा तिच्यात पहिला क्रमांक पटकावणारे पहिले गाणे हेच. बोलाची कढी म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्या माणसाने समाजाच्या पदरात प्रत्यक्ष काही टाकले ते असे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो ‘टीचर’ या शब्दालाच हात घालतो. १९८९ च्या ‘यू मस्ट लर्न’ या गाण्यात केआरएस-वन शाळेच्या पुस्तकातून गाळलेल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांची आणि कर्तबगार माणसांची यादी देतो. बेंजामिन बॅनेकरचे पंचांग आणि लुईस लॅटिमरने एडिसनच्या दिव्यात केलेली सुधारणा या गोष्टी कसाला उतरतात. लॅटिमरने विजेच्या दिव्यातील कार्बन तंतू तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८८२ मध्ये घेतले आणि पुढे तो एडिसनच्याच कंपनीत काम करू लागला. ग्रॅनव्हिल वुड्सला मात्र गाणे वॉकी-टॉकीचा जनक ठरवते, आणि ते खरे नाही. वुड्सची १८८७ मधली यंत्रणा धावत्या आगगाडीशी तारेचे संदेश देणे-घेणे करण्याची होती. गॅरेट मॉर्गनला १९२३ मध्ये तीन स्थितींच्या वाहतूक सिग्नलचे पेटंट मिळाले, पण जगातला पहिला सिग्नल त्याचा नव्हे. केस सरळ करणारा कंगवा मॅडम सी. जे. वॉकरने शोधलेला नाही. तिचे कर्तृत्व केसांच्या निगेचा प्रचंड व्यवसाय उभारण्याचे आहे.

चुका चुकाच आहेत, आणि गाणे आहे म्हणून त्यांना सूट देण्याचे कारण नाही. मास्तर म्हणवून घेणाऱ्याला तर नाहीच. पण या चुका त्याने घरी बसून रचलेल्या नाहीत. अशा याद्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, चर्चमध्ये आणि पत्रकांत तोंडोतोंडी फिरत होत्या, आणि फिरताना त्यांना पदरचे चिकटत गेले. पाठ्यपुस्तकाने ज्यांना पूर्णच वगळले, त्यांच्या आठवणीला संपादक कुठून मिळणार? गाण्याचा मूळ दावा या नावांवर उभाही नाही. शाळा जे शिकवते त्यात काय गाळले आहे ते विचारा, हा त्याचा दावा. त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी वेगळ्या अभ्यासक्रमाची मागणी केली. वुड्सच्या नावापुढचा वॉकी-टॉकी खोडून टाकला तरी ही मागणी जागची हलत नाही. उलट, गाण्यातल्या चुका शोधायला म्हणून जो ग्रंथालयात जाईल, त्याने गाण्याचे ऐकले असेच म्हणावे लागेल.

शिक्षक म्हणून त्याची खरी पद्धत १९९० च्या ‘एज्युटेनमेंट’ या अल्बमवरच्या ‘लव्ह्ज गॉना गेट चा’ या गाण्यात दिसते. गोष्ट एका शाळकरी मुलाच्या तोंडची आहे. अभ्यासात तो बरा आहे, गुण चांगले पडतात. घरात पॅंटा मोजून तीन आणि त्या भावाबरोबर वाटून घालायच्या. रॉब नावाचा ओळखीचा माणूस माल पोहोचवण्याचे काम देतो. घरात पैसा येतो, टीव्ही येतो, आई धास्तावते, पण काय चालले आहे ते तिला कळते. पुढे गोळीबार, सूड आणि पोलीस. गोष्ट चालू असताना तात्पर्य सांगणारा कुणी मध्ये येत नाही; वस्तूंच्या प्रेमाबद्दलचा इशारा येतो तो गोष्ट संपल्यावर. मुलगा मात्र पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यालाच विचारतो, मी दुसरे काय करायला हवे होते? या प्रश्नाचे उत्तर गाण्यात नाही. ‘अमली पदार्थांना नाही म्हणा’ या त्या काळच्या सरकारी घोषवाक्याशी हे ताडून पाहावे. घोषवाक्य मोहाला नकार द्यायला सांगते, पण तीन पॅंटांचे काय करायचे याबद्दल चकार शब्द काढत नाही. प्रश्न उभा करून शिकणाऱ्याला त्याच्यासमोर बसवणे हेच अध्यापन असेल, तर या माणसाला ‘टीचर’ म्हणायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप पैशाचा. १९९० च्या दशकात केआरएस-वन नायकेच्या आणि स्प्राइटच्या जाहिरातींत दिसला. स्प्राइटच्या जाहिरातीत तर जुना प्रतिस्पर्धी एमसी शान त्याच्यासमोर मुष्टियुद्धाच्या रिंगणात उभा होता. पुढे काही काळ त्याने रिप्राइज रेकॉर्ड्स या बड्या कंपनीत अधिकारपदही सांभाळले. कलावंताने उपाशी राहावे म्हणजे त्याची निष्ठा सिद्ध होते, ही अपेक्षा बहुधा भरल्या पोटी केली जाते. बेघर निवाऱ्यातून आलेल्या माणसापुढे ती मांडताना जरा संकोच वाटायला हवा. त्याने कमाईला कधी पाप म्हटले नव्हते. शिक्षण आणि करमणूक यांची मोट बांधायची तर बाजार आलाच. नायकेची जाहिरात मात्र गोड मानून घेता येत नाही. क्रांती टीव्हीवर दाखवली जाणार नाही असे बजावणारी गिल स्कॉट-हेरनची रचना टीव्हीवर बास्केटबॉलचे बूट विकायला वापरली गेली, आणि आवाज केआरएस-वनचा होता. इथे टीकाकारांना एक गुण द्यावा.

‘साउंड ऑफ दा पोलीस’ या १९९३ मधल्या गाण्यावरही बरीच कुरकुर झाली. गुलामांच्या मळ्यावरच्या मुकादमाचा वारसा ते आजच्या पोलिसाकडे पोहोचवते. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलाम पकडणारी गस्तपथके होती ही इतिहासातली नोंद आहे, पण न्यूयॉर्कच्या पोलीस दलाची घडण वेगळी. तरीही रस्त्यावर अडवल्या जाणाऱ्या मुलाला ते साम्य जाणवत असेल, तर पोलीस दलाच्या स्थापनेची सनावळी पुढे करून त्याचे समाधान होणार नाही.

आता जो आक्षेप टिकतो त्याच्याकडे. जानेवारी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या साउंड फॅक्टरी क्लबमध्ये पीएम डॉन या गटाचा कार्यक्रम चालू असताना केआरएस-वन साथीदारांसह मंचावर चढला, गायक प्रिन्स बी याला खाली ढकलले आणि माइक ताब्यात घेऊन स्वतःची गाणी म्हटली. प्रिन्स बीचा अपराध एवढाच की एका मासिकाशी बोलताना त्याने विचारले होते, हा शिक्षक आहे म्हणतो, पण कशाचा? शांतिदूताने धक्काबुक्की केली म्हणून गहजब झाला, पण दुखणे तिथे नव्हते. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्याला प्रश्न विचारला गेला आणि उत्तर हाताने दिले गेले. नंतर त्याने चूक कबूल केली. तरी पुढे जे झाले त्याची ही पहिली खूण म्हणायला हवी.

१९९६ मध्ये त्याने ‘टेंपल ऑफ हिप हॉप’ स्थापन केले. मे २००१ मध्ये हिप-हॉपचा शांतता जाहीरनामा संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाला, त्यात त्याचा पुढाकार होता. २००९ मध्ये ‘द गॉस्पेल ऑफ हिप हॉप’ हा जाडजूड ग्रंथ निघाला, धर्मग्रंथाच्या धाटणीचा. शिक्षकाचा हळूहळू धर्मगुरू झाला. धर्मगुरू साऱ्या समाजाच्या वतीने बोलतो. २००४ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या महोत्सवातल्या परिसंवादात केआरएस-वनने ११ सप्टेंबरच्या हल्ल्याविषयी बोलताना ‘आम्हाला’ त्या दिवशी आनंद झाला अशा आशयाचे विधान केले, आणि त्या मनोऱ्यांतले सुरक्षारक्षक आपल्यासारख्यांना कसे हुसकून लावत त्याची आठवण दिली. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर आग पाखडली. अपमानाची आठवण खरी असेल. पण ‘आम्ही’ म्हणण्याचा मक्ता त्याला कुणी दिला? ‘लव्ह्ज गॉना गेट चा’मध्ये एका मुलाला ‘मी’ म्हणू देणारा कवी इथे सगळ्यांचे ‘आम्ही’ परस्पर उच्चारतो.

या वृत्तीचा खरा कस लागला २०१६ मध्ये. आफ्रिका बंबाटा हा ब्राँक्सचा, झुलू नेशन या हिप-हॉप संघटनेचा संस्थापक आणि हिप-हॉपच्या अंगांत ज्ञानाची भर घालणारा म्हणून केआरएस-वनच्या साऱ्या विचाराचा पूर्वसूरी. आपण लहान असताना बंबाटाने आपले लैंगिक शोषण केले, असे आरोप काही पुरुषांनी जाहीरपणे केले. बंबाटाने ते नाकारले. केआरएस-वनची भूमिका अशी होती की बंबाटाचे हिप-हॉपमधले स्थान यामुळे हलत नाही, बाकीचे त्याचे खासगी प्रकरण. संस्थापकाला प्रश्नांच्या पलीकडे ठेवणे कोणत्याही पंथाला परवडते. अभ्यासक्रमातून काय गाळले आहे ते विचारा, असे मुलांना सांगणाऱ्याला ते परवडू नये. पिस्तूल, वॉकी-टॉकी आणि बूट यांवर शाई खर्च करणाऱ्यांनी हा मुद्दा उचलला असता, तर त्यांना त्याच्याच शिकवणीचा आधार मिळाला असता. झुलू नेशनच्याच काही पदाधिकाऱ्यांनी मात्र त्याच वर्षी पत्रक काढून, दुखावल्या गेलेल्यांची आणि संघटनेने आरंभी दिलेल्या प्रतिसादाबद्दलही माफी मागितली.