शिकून काय होतं?



३ जानेवारी ही सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्या दिवसाच्या अंकासाठी बाईंनी सांगितले, की प्रत्येकाने आपले स्वतःचे मत लिहा, निबंधाच्या पुस्तकातून उतरून काढू नका. मी दोन दिवस विचार केला. मग मला विषय घरातच सापडला. शिकून काय होतं? हा प्रश्न माझा नाही, माझ्या आजीचा आहे.

आमच्याकडे सध्या कांद्याची लागण चालू आहे. लागणीला माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर त्यांचा रोज परवडत नाही. माझी ताई सातवीत आहे. तिचा हात फार चलाख आहे. मी एक वाफा लावते तोवर तिचे दोन होतात. म्हणून गेल्या आठवड्यात जेवताना आजी म्हणाली, "पोरीला आठ दिस घरी ठेवा. शाळा कुठं पळून चाललीय?" ताई म्हणाली, "माझं गणित बुडंल." तेव्हा आजी म्हणाली, "शिकून काय होतं? तुझा काका बी.ए. झाला, आन् रानात पाणीच भरतोय ना?"

यावर कोणीच काही बोलले नाही. बाबा भाकरी खात राहिले. काका पण खाली बघून जेवत होते. मला काकांचे वाईट वाटले आणि ताईचेही वाईट वाटले. थोडी भीतीही वाटली, कारण ताईनंतर माझा नंबर आहे.

आता मला आजीला खोटे पाडायचे नाही. ती म्हणते त्यात खरे आहेच. काका पंधरा सोळा वर्षे शिकले, पण नोकरी लागली नाही. शिकला की नोकरी लागते, असे आपण सगळे म्हणतो. मग नोकरी लागली नाही, की शिक्षण वाया गेले असे म्हणतो. मला वाटते, इथेच आपली चूक होते.

मी काकांनाच विचारले, "काका, तुमचं शिकलेलं वाया गेलं का?" काका हसले आणि मला फवारणीच्या औषधाची बाटली दाखवली. त्या बाटलीवर चौकोनी खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. किती पाण्याला किती औषध घालायचे, तेही बारीक अक्षरात लिहिलेले असते. आमच्या आळीतले लोक फवारणीच्या आधी बाटली घेऊन काकांकडे येतात. सातबारा घेऊन येतात. बँकेचा कागद घेऊन येतात. काका म्हणाले, "मला नोकरी लागली नाही हे खरं. पण माझ्या हातात कुणी कागद दिला, तर तो मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही."

मला हे उत्तर फार आवडले.

आजीला मात्र कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. बँकेत ती अंगठा देते. अंगठा दिल्यावर शाई डोक्याच्या केसांना पुसते आणि मला विचारते, "काय लिवलंय गं?" एकदा ती मंचरला जायला निघाली आणि घोडेगावच्या स्टँडवर जुन्नरच्या गाडीत बसली. गाडीवर पाटी होती, पण पाटी तिच्याशी बोलली नाही. आम्ही घरी खूप हसलो. आता लिहिताना मला त्याचे हसू येत नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला परक्या माणसाला विचारल्याशिवाय गाडीतसुद्धा बसता येऊ नये, हे काही हसण्यासारखे नाही.

मागच्या वर्षी आमची सहल नाणेघाटाला गेली होती. नाणेघाट आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहे. तिथल्या गुहेच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. तो सातवाहन राजांच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात यज्ञ केल्याचे आणि गायी, घोडे, हत्ती, नाणी दान दिल्याचे लिहिले आहे. तो लेख सातवाहनांच्या राणीचा आहे असे म्हणतात, तिचे नाव नागनिका. पण ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. शेकडो वर्षे त्या घाटाने व्यापारी गेले, बैल गेले, गुराखी गेले. पावसात लोक त्या गुहेत बसलेही असतील. अक्षरे समोर होती, पण वाचणारा कोणी नव्हता. मग १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा असे लेख वाचता येऊ लागले.

तिथे मला एसटीची पाटी आठवली. अक्षरे असून उपयोग नाही. ती वाचता आली पाहिजेत.

आता सावित्रीबाईंचे सांगते. त्यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या नायगावला झाला. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी त्यांना शिकवले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि तिथे सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोक अंगावर शेण आणि चिखल टाकत, तरी त्यांनी शाळा सोडली नाही. जोतीरावांनी त्यांना घरात ठेवले असते, तर आज त्यांची जयंती झाली नसती.

पण सावित्रीबाई फार मोठ्या झाल्या. आपण तेवढे मोठे होणार नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून मी त्यांच्या शाळेतल्या एका मुलीचे सांगते. तिचे नाव मुक्ता साळवे. ती मांग समाजातली होती. त्या काळी त्या समाजाच्या मुलांना कोणी शाळेत घेत नसे. फुल्यांच्या शाळेत ती शिकली आणि चौदा वर्षांची असताना तिने एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' नावाच्या पत्रात छापून आला. तिने तिच्या लोकांचे सगळे दुःख त्यात लिहिले. बायका बाळंत होताना त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हेही लिहिले. असे दुःख तिच्या आईला आणि आजीलाही झाले असेल. पण त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांचे दुःख त्यांच्याबरोबर गेले. मुक्ताचे लिहिणे दीडशेहून जास्त वर्षे राहिले आहे. ती फक्त चौदा वर्षांची होती. माझ्या ताईपेक्षा एकच वर्षाने मोठी.

आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "माणूस शिकल्यानेच मोठा होतो असं काय नाही. आपले बाबू गेनू तर गिरणीत कामाला होते." त्याचे बरोबर आहे. हुतात्मा बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत ते परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि त्यांनी प्राण दिला. धैर्य काही शाळेत मिळत नाही. ते अडाणी माणसाकडेही असते, माझ्या आजीकडे तर खूप आहे. पण त्यांच्यावर कोणी लिहिले, म्हणून मला हे कळले. ते मी वाचले, म्हणून मला सांगता आले. धैर्य आणि वाचन यांचे भांडण नाही. दोन्ही पाहिजेत.

आता कांद्याचा हिशोब मांडते. लागणीला आठ दिवस आणि काढणीला आठ दिवस, म्हणजे वर्षाला सोळा दिवस शाळा बुडते. पाचवी ते दहावी सहा वर्षे. सोळा सक शहाण्णव. आठवड्याला शाळा सहा दिवस धरली, तर शहाण्णव दिवस म्हणजे सोळा आठवडे. जवळ जवळ चार महिने! बाईंनी हे गणित तपासून बरोबरची खूण केली आहे. आठ दिवस थोडे वाटतात. चार महिने थोडे नाहीत. आणि ज्याचा धडा बुडतो त्याला पुढचा कळत नाही. कळत नाही म्हणून शाळा आवडत नाही. मग घरचे म्हणतात, "तिला डोकंच नाही, कशाला शिकवायची?"

सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला, असे गुरुजींनी सांगितले. पण कायदा आमच्या वाफ्यात येऊन रोपे लावत नाही. कांदा तर वेळेवर लागलाच पाहिजे, त्यावरच आमच्या वह्या येतात. म्हणून मला वाटते, की मार्ग आपणच काढला पाहिजे. माझे मत असे आहे.

पहिली गोष्ट, लागण आणि काढणी आली, की मुलांनी रविवारी दिवसभर आणि बाकीच्या दिवशी शाळा सुटल्यावर काम करावे. सगळ्यांनी करावे, मुलग्यांनीसुद्धा. फक्त मुलीलाच घरी ठेवू नये. आमच्या दादाचा हात चलाख नाही असे म्हणतात. तो लावून लावून चलाख होईल.

दुसरी गोष्ट, आपण प्रत्येकाने रोज रात्री दहा मिनिटे घरातल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवावे. धडा, वर्तमानपत्राचा तुकडा, खताच्या पिशवीवरचे, काहीही चालेल. म्हणजे वाचनाचा काय उपयोग असतो, ते घरात कळेल. आपलेही वाचन पक्के होईल.

तिसरी गोष्ट, घरात कोणी अंगठा देत असेल, तर त्याला सही शिकवावी. मी आजीला शिकवायला सुरुवात केली आहे. तिचे नाव तीन अक्षरी आहे. पहिली दोन अक्षरे येतात. तिसऱ्याला काना द्यायचा राहतो. ती पाटीवर खडूने लिहिते आणि म्हणते, "माझा हात खुरप्याचा, ह्यो खडू लई हलका हाय." पण पाटी खाली ठेवत नाही.

शिकून काय होतं, याचे माझे उत्तर असे आहे. नोकरी लागेल किंवा लागणार नाही. पण आपल्या गाडीची पाटी आपल्याला वाचता येते. आपल्या कागदावर काय लिहिले आहे ते कळते. आणि आपले दुःख आपल्याला लिहिता येते, ते दुसऱ्याने लिहायची वाट बघावी लागत नाही. एवढे तरी नक्की होते.

ताई मागच्या आठवड्यात दोन दिवस शाळेत गेली नाही. लागण अजून संपलेली नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

बाबा, तुम्ही चौथीपर्यंत शिकलात, म्हणजे आता मी आहे तेवढेच. ३ जानेवारीला पालक येतील तेव्हा तुम्हीपण या. हे सगळे तुम्हाला वाचता येईल. माझे अक्षर मी मुद्दाम मोठे काढले आहे. वाचून झाल्यावर रागावू नका, फक्त ताईचे काय ते ठरवा. यंदा माझी चौथी संपते आहे, तर माझेही त्यातच ठरवून टाका.

आणि आजी, तू पण ये. तुला मी वाचून दाखवीन. पण पुढच्या वर्षी तुझे तूच वाचायचे.

— इयत्ता चौथी, घोडेगाव