गळालेले रुग्ण कोणाच्या खाती?

'रुग्णांची सरासरी प्रकृती सुधारली' असे सरकारी अहवालात छापून आले की आम्ही आधी एकच विचारतो : कोणत्या रुग्णांची? पहिल्या दिवशी रांगेत उभे होते त्यांची, की शेवटी उरले त्यांची?

अमेरिकेतील एचआयव्हीच्या ४६७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. झिडोव्युडिन सोसले नाही किंवा लागू पडले नाही, असे हे रुग्ण. काहींना डीडीआय, काहींना डीडीसी दिले. सुरुवातीला आणि नंतर २, ६, १२, १८ महिन्यांनी रक्तातील सीडी-४ पेशी मोजायच्या होत्या. अठराव्या महिन्याची मोजणी ४० जणांचीही हाती आली नाही. अनेकांचा अठरावा महिना अभ्यास संपेपर्यंत उजाडलाच नव्हता, हे खरे. पण १८८ जण मेले होते, हेही खरे. ज्यांच्या पेशी कमी, ते आधी जातात. मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप वर चढते. माणसे मरतात आणि आलेख सुधारतो!

आणखी एक गोष्ट. पेशींच्या आकड्यात डीडीआय सुरुवातीला सरस दिसले. मृत्यू मात्र डीडीआय घेणाऱ्या २३० पैकी १००, तर डीडीसी घेणाऱ्या २३७ पैकी ८८. नुसता रक्ताचा आकडा पाहणारा इथे फसला असता.

म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी दोन्ही हिशेब एकत्र मांडले. वुल्फसन आणि त्सियाटिस यांचा १९९७चा निबंध याच वाटेवरचा. प्रत्येक रुग्णाची स्वतःची रेषा काढायची, मोजणीतील चूक गृहीत धरायची आणि त्या क्षणाचा मृत्यूचा धोका त्या रेषेला बांधायचा. मग मेलेला माणूस हिशेबातून पुसला जात नाही. त्याचे जाणे हीच माहिती ठरते.

पण हे गणित मृत्यूची तारीख मागते. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. ती लढून मिळाली, आम्ही तिचे मोल जाणतो. परंतु औषध न्यायला न आलेल्याची नोंद होते ती 'लॉस्ट टू फॉलोअप' अशी. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, तो पाच-सहा महिन्यांनी परततो. तो गाळपाला गेला, की मेला, की वस्तीत बोभाटा होईल म्हणून यायचा थांबला? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणतेही सूत्र त्या घरबसल्या ओळखू शकत नाही. त्यासाठी माणूस पाठवावा लागतो, प्रवासभत्ता द्यावा लागतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याने सरासरीच्या शेजारी सुरुवातीची संख्या, मृत्यू आणि बेपत्ता रुग्ण छापावेत. आणि बेपत्तांपैकी कितींच्या दारापर्यंत कोणी गेले, तेही छापावे.