ई-रीडर की टॅब : एका उसन्या वादाची मराठी बाजू

गंभीर वाचकाने ई-रीडर घ्यावा, टॅब घेऊ नये, हे मत अलीकडे मराठी अभ्यासकांतही सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाऊ लागले आहे. त्यामागची कारणे परिचित आहेत. ई-शाईचा पडदा कागदासारखा प्रकाश परावर्तित करतो, पान उलटतानाच काय ती वीज वापरतो आणि डोळ्यांना शिणवत नाही. टॅबवर मात्र निरोप आणि चित्रफिती वाचकाची पाठ सोडत नाहीत. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते मराठीपुरते असत्य आहे. वाचावयाचे पुस्तक दोन्ही उपकरणांवर सारख्याच रूपात उपलब्ध असते, हे ते गृहीतक होय.

इंग्रजीच्या वाचनव्यवहारात ते बव्हंशी खरे आहे. २००७ मध्ये किंडल अमेरिकेत आले आणि त्याच वर्षी ईपब हे मानक सिद्ध झाले. पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःच्या ओळी नव्याने मांडून घेणारी प्रवाही संहिता त्या भाषेत लवकरच सार्वत्रिक झाली. मराठी पुस्तकांना किंडलच्या भारतीय दुकानात स्वतंत्र दालन मिळाले ते डिसेंबर २०१६ मध्ये. आज तेथे कादंबऱ्या, चरित्रे, अनुवाद मिळतात. तेवढेच वाचणाऱ्याने खुशाल ई-रीडर घ्यावा. प्रश्न आहे तो अभ्यासकाचा.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी येथे राहून संशोधन करणारा विद्यार्थी कल्पावा. त्याला हवे असते कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’, बंद पडलेल्या नियतकालिकांचे जुने अंक, पुनर्मुद्रणाचे भाग्य न लाभलेले समीक्षाग्रंथ. ही सामग्री त्याच्यापर्यंत पोहोचते ती बहुधा पीडीएफच्या, म्हणजे छापील पृष्ठांच्या छायाचित्रांच्या रूपात. डेमी आकाराचे पान साधारण साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असते. सहा इंची ई-रीडरच्या पडद्याची उंची जेमतेम पावणेपाच इंच. त्यात ते पान बसवले की अक्षर निम्म्याहून थोडेसेच मोठे उरते. रोमन लिपीची अक्षरे एवढा संकोच कदाचित सोसतील; पण ज्या लिपीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार व मात्रा आणि खाली उकार राहतात, तिच्यात प्रथम नष्ट होते ते अर्थभेदक चिन्हच. तळटिपांतील पाठभेदांची तर बातच नको. दहा इंची पडद्याचा कर्ण डेमी पानाच्या कर्णाएवढाच असतो, म्हणून टॅबवर तेच पान जवळजवळ मूळ मापात दिसते. दहा इंची ई-रीडरही निघाले आहेत. पण त्यांच्या किमती साध्या टॅबहून कितीतरी अधिक असल्याने, ज्याच्यासाठी हा वाद घालायचा त्याच्या कक्षेत ते येत नाहीत.

या पृष्ठचित्रांपासून प्रवाही संहिता करावी, तर मार्ग सुकर नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे; मराठी अक्षरजुळणी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या खासगी संकेतांच्या फॉण्टांत होत राहिली. त्या संचिका युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. अशा संचिकेत ‘आष्टी’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. (सापडला तरी ती आष्टी बीडची, वर्ध्याची की जालन्याची, हे वाचकालाच ठरवावे लागते!)

या वादात ज्याचा उल्लेखही होत नाही, तो मुद्दा संदर्भाचा आहे. आष्टी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘दासबोधा’ची ओवी कोणत्याही उपकरणावर हरवत नाही, कारण दशक, समास आणि ओवी हा तिचा पत्ता संहितेतच कोरलेला आहे. हस्तलिखितांच्या परंपरेने पानावर विश्वास ठेवला नव्हता, कारण लेखनिक बदलला की पान बदलत असे. मुद्रणयुगातील समीक्षेने मात्र आपली सारी मदार पृष्ठांकावर ठेवली. प्रवाही संहितेत पृष्ठांक विरघळून जातो आणि त्याच्या जागी यंत्राने दिलेला स्थानक्रमांक येतो. तो प्रबंधात देऊन परीक्षकाचे समाधान होणार नाही, होऊही नये. ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथात तर लीळांचा क्रम आणि पाठ संपादनागणिक पालटतो. तेथे अमुक आवृत्तीचे अमुक पान एवढाच आधार उरतो.

कवितेबाबत हानी अधिक सूक्ष्म आहे. अरुंद पडद्यावर ओवीचा चरण मध्येच मोडला तर यमकाच्या आधाराने कान तो सावरून घेतो. मुक्तछंदात हा आधार नाही. ओळ कवीने तोडली की यंत्राने, हे वाचकाला कळण्याचा मार्गच राहत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याने मूळ पान पाहिलेले नाही तो यंत्राच्या अपघातावर शैलीमीमांसा उभी करतो. सोयीच्या नावाखाली येथे संहिताच बदलली जाते.

एकाग्रतेचा युक्तिवाद उरतो. टॅब लक्ष विचलित करतो, हे खरे. पण एकान्तात, मूकपणे, अखंड वाचणारा वाचक हाच वाचकाचा आदर्श का मानावा? पोथी देवळाच्या ओसरीवर, मुलांच्या गलक्यात वाचली गेली आणि समजलीही. शिवाय ई-रीडरचा एकान्त तितका निर्वेध नाही. जुलै २००९ मध्ये ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती विकत घेतलेल्या वाचकांच्या किंडलमधून अ‍ॅमेझॉनने परस्पर काढून टाकल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोयही बंद केली. टॅबवर दुकान तेच असले, तर ही टांगती तलवार तेथेही आहेच. पृष्ठचित्रांची संचिका मात्र वाचकाच्या ताब्यात राहते.

टॅब उन्हात दिसत नाही, त्याला वरचेवर चार्ज करावे लागते, आणि आष्टीत वीज नेमकी हवी तेव्हा असेलच असे नाही. हे सारे सोसूनही अभ्यासकाने आज टॅबच घ्यावा. ई-रीडरची शिफारस करणाऱ्यांनी आपला आग्रह वाचकाकडे न धरता प्रकाशनसंस्थांकडे व शासकीय मंडळांकडे धरावा. ईपबमध्ये मुद्रित आवृत्तीचे पृष्ठांक अंतर्भूत करण्याची सोय आहे. कोणत्याही एका संपादित मराठी ग्रंथाची युनिकोड संहिता, पाठभेद आणि मूळ पृष्ठांकांसह, तशी सिद्ध करून दाखवावी. मग सहा इंची पडद्याविषयी पुन्हा बोलता येईल.